बाबांना अचानक लकवा, सगळा पैसा त्यांच्या एकट्याच्या खात्यात – आता पैसे आणि देखभाल कशी सांभाळायची? (नागपूर)

सदाफुली

नमस्कार मंडळी, जरा मोठं आहे पण शेवटपर्यंत वाचा प्लीज, डोकं चालेनासं झालंय.

बाबा ७४ वर्षांचे, अनुदानित शाळेतून रिटायर झालेले शिक्षक. आईबाबा महालात राहतात, मी त्रिमूर्ती नगरला, भाऊ मुंबईत. मागच्या महिन्यात बाबांना ब्रेन स्ट्रोक झाला. रात्री नीट जेवून झोपले आणि सकाळी उठले तर उजवा हात उचलेना, तोंड एका बाजूला गेलेलं. १०८ ला फोन करून धंतोलीतल्या दवाखान्यात भरती केलं. गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, पण झटका झोपेत नेमका कधी आला ते कळायला मार्ग नाही म्हणून ते देता येणार नाही असं डॉक्टर म्हणाले. आयसीयू, मग वॉर्ड, आता सुट्टी होऊन घरी. उजवी बाजू गेलेली, नाकात नळी, लघवीची पिशवी. बोलणं जवळजवळ बंद आहे पण समजतं सगळं, क्रिकेट लावू का म्हटलं की मान हलवतात, चुकीचं चॅनल लागलं की चिडतात. डॉक्टर याला अफेझिया म्हणतात.

आता पैशाचं. पेन्शन, बचत, एफडी, सगळं बाबांच्या एकट्याच्या नावावर. एफडीवर आईचं नाव कुठे आहे कुठे नाही ते पण माहीत नाही. एटीएमचा पिन त्यांनाच ठाऊक. सही उजव्या हाताची, तो हात हलत नाही. आई ६८ वर्षांची, बँकेत एकटी कधी गेली नाही, लागलीच नाही कधी गरज, बाबाच सगळं करायचे. मी चेकबुक घेऊन बँकेत गेले तर काउंटरवर सांगितलं की सही जुळली पाहिजे, त्यांना घेऊन या. नाकात नळी असलेल्या माणसाला कसं घेऊन जाऊ? सध्या मी आणि भाऊ आमच्या पगारातून भागवतोय, पण नर्सिंग ब्युरोची आया, फिजिओ, औषधं, डायपर, हे सगळं महिनोन्महिने चालणार आहे आणि बाबांचे स्वतःचे पैसे असून ते त्यांच्यासाठीच वापरता येत नाहीत हे फार लागतं मनाला.

मावसभाऊ म्हणतो पॉवर ऑफ अॅटर्नी करून टाक. काका म्हणतात घर पण आत्ताच मुलांच्या नावावर करून घ्या, नंतर भानगडी होतात. कोणाचं ऐकू कळत नाही. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा.

हरबरा

अजी ताई, सगळ्यात आधी एक काम करा, आजच. बाबूजींच्या मोबाईलचा रिचार्ज कधी संपते ते पाहून घ्या आन् लांबचा प्लॅन मारून ठेवा. बँक, आधार, गॅस, सगळ्याचे ओटीपी त्याच नंबरवर येते, सिम बंद पडलं की सारंच अडकते. आमच्या घरी माय पडली तेव्हा हेच पहिले केलं होतं आम्ही. फोन तुमच्याजवळ नाही, आईजवळ ठेवा, घरातच.

बाकी जाणकार येतीलच. बाबूजींना समजून राहिलं ना सगळं, मग अर्धी लढाई जिंकली समजा.

निवृत्त_शाखाधिकारी

ताई, धीर धरा. मी राष्ट्रीयीकृत बँकेत विदर्भातच नोकरी केली, तुमच्यासारखी कावरीबावरी झालेली मुलं काउंटरवर खूप पाहिली आहेत. काउंटरवर जे सांगितलं ते नियम माहीत नसल्यामुळे सांगितलं. तिथे वाद घालू नका, सरळ शाखाधिकाऱ्याच्या केबिनमध्ये जा आणि लेखी अर्ज द्या.

रिझर्व्ह बँकेच्या ग्राहकसेवेच्या सूचनांमध्ये आजारी, वृद्ध आणि असमर्थ खातेदारांसाठी वेगळी सोय आहे. खातेदाराला सही करता येत नाही पण अंगठा देता येतो, तर अंगठा चालतो, हाताचा जमत नसेल तर पायाचा पण चालतो. त्या अंगठ्याची ओळख दोन स्वतंत्र साक्षीदारांनी पटवायची, दोघं बँकेच्या ओळखीचे हवेत आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी पाहिजे. अंगठा देणंही शक्य नसेल तर चेकवर किंवा विड्रॉलवर नुसती खूण केली तरी चालते, साक्षीदार तसेच दोन. आणि खातेदार बँकेत येऊ शकत नसेल तर पैसे प्रत्यक्ष कोण घेऊन जाणार ते त्यानेच बँकेला दाखवून द्यायचं आणि त्या माणसाची ओळख पण साक्षीदारांनी पटवायची. म्हणजे बँकेचा माणूस घरी किंवा दवाखान्यात येतो, समोर अंगठा घेतो, विचारून खात्री करतो. दवाखान्यात बेडजवळ उभं राहून मी स्वतः असे अंगठे घेतलेले आहेत.

दुसरं, नोव्हेंबर २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने ७० वर्षांवरच्या आणि दिव्यांग खातेदारांसाठी घरपोच सेवेच्या सूचना काढल्या आहेत. पैसे घरी आणून देणं, केवायसीचे कागद घरून नेणं, हयातीचा दाखला घेणं, हे सगळं त्यात येतं. अर्जात या दोन्हींचा उल्लेख करा, न्यूरॉलॉजिस्टचं सर्टिफिकेट जोडा, त्यात 'रुग्ण शुद्धीवर आहे, सांगितलेलं समजतं, उजव्या बाजूच्या लकव्यामुळे सही करू शकत नाही' असं स्पष्ट लिहून घ्या. ही ओळ सगळ्यात महत्त्वाची. अर्जाच्या दुसऱ्या कॉपीवर तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय केबिनमधून उठू नका.

डाव्या हाताने काही वेडीवाकडी का होईना सही जमली तर ती नवीन नमुना सही म्हणून नोंदवता येते. आणि अधिकारी घरी येईल तेव्हाच खातं आईबरोबर जॉइंट करायचा फॉर्म पण भरून घ्या, 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला' या पद्धतीने. पुढचं सगळं सोपं होतं.

एफडीबद्दल एक गोष्ट लोकांना माहीत नसते. एफडीवर आईचं नाव याच पद्धतीने असलं तरी मुदत पूर्ण झाल्यावरच एकीच्या सहीने पैसे मिळतात. मुदतीआधी मोडायची असेल तर दोघंही हयात असताना दोघांची सही लागते, आधीपासून वेगळी सूचना दिलेली असेल तरच सूट. त्यामुळे घाईने एफडी मोडायला जाऊ नका, मुदती बघा आधी.

नंदनवन_४४००

एवढं कशाला करायचं? आम्ही आईच्या वेळी तिचा फोन घेतला, पिन रिसेट केला, यूपीआयने सगळे पैसे काढत राहिलो, कोणी विचारलं पण नाही. घरचाच तर पैसा आहे. बँकेच्या चकरा मारून तब्येत बिघडवून घेऊ नका.

निवृत्त_शाखाधिकारी

नंदनवन, तुमची अडचण समजते आणि तुमचा हेतू वाईट नव्हता हेही समजतं, पण कृपा करून इतरांना हे सांगू नका. पिन आणि ओटीपी खातेदाराने कोणालाच द्यायचे नाहीत, मुलालाही नाही, असं खातं उघडताना त्यानेच मान्य केलेलं असतं. उद्या घरात एकाने जरी विचारलं की अमुक तारखेचे वीस हजार कुठे गेले, तर दाखवायला काहीच नाही. आणि ज्यांचे वडील शुद्धीवर आहेत, मान हलवून हो-नाही सांगतात, त्यांना न विचारता त्यांच्या पैशाला हात लावायची गरजच काय? विचारा ना त्यांना. त्यांचा पैसा आहे तो.

काळा_कोट

मी हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात प्रॅक्टिस करतो. सदाफुलीताई, तुमच्या मावसभावाच्या सल्ल्याबद्दल आणि काकांच्या सल्ल्याबद्दल, दोन्ही वेगवेगळं लिहितो.

मुखत्यारपत्र म्हणजे पॉवर, ती देणाऱ्याला काय चाललंय हे समजलं पाहिजे तरच होते. तुमच्या बाबांना समजतं, त्यामुळे ती शक्य आहे. अंगठा चालतो. दुय्यम निबंधकाकडे जाता येत नसेल तर गृहभेटीचा अर्ज करता येतो, नोंदणी कायद्यात तशी तरतूद आहे, आजारी माणसाच्या घरी येऊन नोंदणी करतात. अफेझिया असल्यामुळे मी सुचवेन की डॉक्टरांचं सर्टिफिकेट त्याच आठवड्यातलं घ्या, मजकूर बाबांना सोप्या मराठीत एकेक वाक्य वाचून दाखवा, आणि हो-नाही करताना व्हिडिओ काढा.

पण एक लक्षात ठेवा. आपल्याकडची पॉवर कायमची नसते. करार कायदा १८७२, कलम २०१, पॉवर देणारा वारला किंवा त्याची मानसिक स्थिती ढळली की पॉवर तिथेच संपते. बँकेला दिलेलं अधिकारपत्र पण तसंच. देव न करो पण दुसरा झटका आला आणि बाबा बेशुद्धावस्थेत गेले तर तो कागद हातात असून उपयोगाचा नाही. म्हणून पॉवरपेक्षा जॉइंट खातं जास्त कामाचं, शाखाधिकारी साहेबांनी वर सांगितलं तेच पहिले करा.

माणूस कोमात असेल किंवा डिमेन्शियामुळे काहीच कळत नसेल तर काय, हे बाकी वाचणाऱ्यांसाठी लिहितो, कारण दर महिन्याला कोणीतरी विचारायला येतंच. अशा माणसाच्या मालमत्तेवर पालक नेमायची सरळ तरतूद आपल्याकडे नाही. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात जिल्हा न्यायालयाकडून तसं करता यायचं, २०१७ च्या कायद्यात ते राहिलं नाही, त्यातला नामनिर्देशित प्रतिनिधी फक्त उपचाराबद्दल निर्णय घेतो, पैशाबद्दल नाही. नॅशनल ट्रस्ट कायदा १९९९ आहे पण तो ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी. मग राहतं काय तर घटनेच्या अनुच्छेद २२६ खाली हायकोर्टात याचिका. केरळ हायकोर्टाने २०१९ साली कोमातल्या रुग्णांच्या पालकत्वासाठी तपशीलवार सूचना दिल्या, मुंबई हायकोर्टानेही पत्नीला, मुलांना असे पालक नेमलेले आहेत. वैद्यकीय मंडळाची तपासणी होते, मालमत्तेची यादी द्यावी लागते, सगळ्या वारसांची संमतीपत्रं लागतात, आणि नंतर हिशेब कोर्टाला द्यावा लागतो. होतं काम, पण वेळ जातो आणि तोपर्यंत दवाखान्याचं बिल थांबत नाही.

आता काका. घर मुलांच्या नावावर करायची घाई अजिबात करू नका. रक्ताच्या नात्यात राहत्या घराच्या बक्षीसपत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क नाममात्र आहे म्हणून लोक पटकन करून टाकतात, पण बक्षीसपत्र झालं की घर बाबांचं राहत नाही, आईचं तर कधीच नाही. बाबांची इच्छा असेल तर मृत्युपत्र करा, ते अंगठ्यानेही होतं, दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही पण करून ठेवलेली बरी. ते त्यांना हवं तेव्हा बदलता येतं.

सदाफुली

बाप रे, किती माहिती. खूप आभार सगळ्यांचे. काळा_कोट दादा, घराचं मी आईला वाचून दाखवलं, ती एवढंच म्हणाली की मला पण हेच वाटत होतं पण बोलायची हिंमत होत नव्हती. काकांना भाऊच सांगेल आता.

न्यूरॉलॉजिस्टना सर्टिफिकेट मागितलंय. तोवर अजून दोन प्रश्न. बाबांची खाती नेमकी कुठे कुठे आहेत ते कसं शोधायचं? कपाटात पासबुकांचा गठ्ठा आहे, काही तर केव्हाची बंद झालेली. आणि मेडिक्लेममध्ये कंपनीने बराच पैसा कापला, ते बरोबर आहे का?

धरमपेठ_एक्सप्रेस

दोन्हीचं उत्तर देतो, मी विमा आणि टॅक्सचं काम करतो.

खाती शोधायला सगळ्यात चांगली जागा म्हणजे इन्कम टॅक्सच्या पोर्टलवरचं एआयएस, म्हणजे अॅन्युअल इन्फर्मेशन स्टेटमेंट. कोणकोणत्या बँकेने, पोस्टाने, सोसायटीने व्याज दिलं ते तिथे पॅनवर दिसतं. बाबांचं रिटर्न जो भरत होता त्याच्याकडे लॉगिन असेल, बाबांना विचारून त्याच्याकडून प्रिंट घ्या. म्युच्युअल फंड असतील तर पॅनवर एकत्रित स्टेटमेंट मिळतं. जुनी विसरलेली खाती असतील, दहा वर्षं हात न लावलेली, तर रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर शोधता येतात. आणि पेन्शन खात्याची वर्षभराची एंट्री मारून घ्या आणि बसून एकेक ओळ वाचा, एलआयसीचा हप्ता, लॉकरचं भाडं, सीनियर सिटिझन स्कीमचं तिमाही व्याज, सगळं तिथूनच निघतं.

मेडिक्लेमचं. तुमच्या पॉलिसीत रूमच्या भाड्याला मर्यादा आहे का ते बघा. लोकांना वाटतं रूम महाग घेतली तर फक्त भाड्याचा फरक द्यावा लागेल. तसं नसतं. मर्यादेच्या दुप्पट भाड्याची रूम घेतली तर डॉक्टरची व्हिजिट, नर्सिंग, बाकी संबंधित खर्च पण त्याच प्रमाणात अर्धे कापतात. औषधं, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयूचे चार्ज या कापणीत येत नाहीत, तिथे कापलं असेल तर लेखी आक्षेप घ्या. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, मग विमा लोकपालाकडे, लोकपालाला फी नाही आणि वकील लागत नाही.

बहुतेक पॉलिसीत सुट्टी झाल्यानंतरचे ६० दिवस, कुठे ९०, त्या आजाराशी संबंधित खर्च मिळतात. म्हणजे आताची औषधं, पुढचा एमआरआय, डॉक्टरने लिहून दिलेली फिजिओ. प्रत्येक बिलासोबत चिठ्ठी पाहिजे. आजपासूनच एक फाईल करा. आयाचा पगार मात्र त्यात सहसा येत नाही.

आणि बाबा ७४ आहेत ना? मग आयुष्मान भारतचं ७० वर्षांवरचं कार्ड काढलं का? २९ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू आहे, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंत, प्रायव्हेट मेडिक्लेम असला तरी चालतो. आधारवर होतं. ओपीडीला नाही, भरती झाल्यावरच, आणि योजनेतल्या दवाखान्यातच. १४५५५ वर फोन करून जवळचे दवाखाने विचारून ठेवा. परत भरतीची वेळ येऊ नये हीच इच्छा, पण कार्ड हातात असलं तर रात्री दोन वाजता धावपळ वाचते. आईला ७० पूर्ण होतील तेव्हा तिचंही काढा.

टॅक्समध्ये एक, जुनी करप्रणाली घेतलेली असेल तर अफेझिया हा उपचारखर्चाच्या वजावटीच्या यादीत नावाने आहे, ज्येष्ठांसाठी मर्यादा एक लाख. अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असल्याचं आणि आजाराचं न्यूरॉलॉजिस्टचं प्रमाणपत्र लागतं. सीएला आठवण करून द्या.

फिजिओताई

पैशाचं सगळे सांगून राहिले, मी बाबांच्या अंगाचं सांगते.

उजव्या काखेत हात घालून त्यांना कधीच उचलू नका, उजवा हात धरून ओढू तर अजिबात नका. लकवा झालेल्या बाजूच्या खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात, सांधा खाली सरकतो आणि मग जो दुखतो तो महिनोन्महिने. आया नवीन आली की पहिल्याच दिवशी तिला हे दाखवा, तोंडी सांगू नका, करून दाखवा. झोपलेले असताना त्या हाताखाली उशी.

दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्री पण. माकडहाड, टाचा, खुबे, रोज उजेडात बघा. लाल झालं आणि दाबल्यावर पांढरं होत नसेल तर ती जखमेची सुरुवात आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, घामाने पाठ ओली राहते, चादर रोज बदला. एअर बेड घ्या, आणि लाईट गेल्यावर तो किती वेळ फुगलेला राहतो हे एकदा मुद्दाम बंद करून बघून ठेवा.

नळीने देताना डोक्याकडचा भाग उंच, आणि दिल्यानंतर निदान अर्धा पाऊण तास तसाच ठेवायचा. आधी थोडं पाणी, नंतर थोडं पाणी. तोंडाने काही द्यायची घाई करू नका, गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय चमचाभर चहा पण नको, श्वासनलिकेत गेलं की न्यूमोनिया होतो. नातेवाईक भेटायला येतात आणि प्रेमाने संत्र्याची फोड तोंडात घालतात, तेव्हा कठोर व्हा.

पहिले तीन ते सहा महिने सुधारणा सगळ्यात जास्त होते. या काळात फिजिओ आणि स्पीच थेरपी दोन्हीत खाडा नको. पैसे वाचवायचेच असतील तर दुसरीकडे वाचवा. घरी फिजिओ आठवड्यातून काही दिवस बोलावून बाकी दिवशी व्यायाम घरच्यांनी शिकून केले तरी चालतं. सरकारी मेडिकल कॉलेजला आणि मिहानच्या एम्सला पण फिजिओची ओपीडी आहे, खर्च फार कमी, नेणं-आणणं जमलं पाहिजे फक्त.

आणि बाबा रडतात का? चिडतात का? स्ट्रोकनंतर जवळजवळ तिघांतल्या एकाला डिप्रेशन येतं, त्याला औषध आहे. शिक्षक माणूस, आयुष्यभर बोलून जगलेला, त्याचे शब्द गेले आहेत. त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल 'यांना आता काही समजत नाही' असं कोणालाच बोलू देऊ नका.

कोराडी_रोड

सदाफुली, तुझं वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते. आम्ही तिघं भावंडं, आमच्या बाबांचं असंच झालं होतं. आम्हाला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो एका साध्या वहीचा. दोनशे पानी, पलंगाजवळ दोरीने बांधलेली. डाव्या पानावर औषध, बीपी, शुगर, किती वाजता काय दिलं, कूस कधी बदलली. उजव्या पानावर खर्च, कोणी दिला, कशासाठी. आया पण लिहायची, तिला लिहिता येत नव्हतं ती खुणा करायची. दर रविवारी त्या पानांचा फोटो आमच्या ग्रुपवर. मोठा भाऊ लांब असल्यामुळे त्याला वाटायचं इथे पैसे उडतात, पानं बघितल्यावर त्यानेच फोन करून विचारलं की डायपरला एवढे लागतात का, मी जास्त पाठवतो. हिशेब मागितल्यावर देणं आणि न मागता देणं यात घरं टिकतात किंवा तुटतात.

आणि तुझ्या भावाला पैशाशिवाय एक ठरलेलं काम दे. लांबून होणारं. मेडिक्लेमचा पाठपुरावा, औषधं ऑनलाईन मागवणं, ब्युरोशी बोलणं. नाहीतर पैसे पाठवले की झालं असं होतं आणि तू एकटी मोडतेस.

आयाचं आधार आणि फोटो घेऊन पोलीस पडताळणी नक्की कर. दागिने, चेकबुक, एटीएम कार्ड पलंगाच्या खोलीत ठेवू नको. माणसं चांगली असतात बहुतेक, तरी.

आईला मात्र बाजूला ठेवू नकोस. आमच्या आईला आम्ही 'तू नको काळजी करू' म्हणत राहिलो तर ती जास्त घाबरायला लागली. मग तिला एटीएम शिकवलं, पासबुक वाचायला शिकवलं, तेव्हा ती सावरली.

सदाफुली

अपडेट द्यायला आले.

साहेबांनी सांगितलं तसा अर्ज दिला, सर्टिफिकेट जोडलं. शाखाधिकारी मॅडमनी अर्ज वाचला, मुंबईत आईची सेवा करून आल्या होत्या असं म्हणाल्या आणि स्वतः घरी येते म्हणाल्या. आल्या पण. सोबत एक क्लार्क आणि शेजारचे काका साक्षीदार, त्यांचं खातं त्याच शाखेत.

मॅडम पलंगाजवळ स्टूल घेऊन बसल्या आणि आमच्याकडे न बघता बाबांशीच बोलल्या. सर, हे तुमचं खातं, यात तुमच्या मिसेसचं नाव घालायचं का? बाबांनी मान हलवली. मग त्यांनी मुद्दाम उलटं विचारलं, यातून मुलाने पैसे काढायचे का? बाबांनी नाही म्हणून मान हलवली आणि डाव्या हाताने आईकडे बोट दाखवलं. आईला हुंदका आवरेना. मग डाव्या अंगठ्याला शाई लावली, बाबांनी हात मागे ओढला, आम्हाला वाटलं नको म्हणतायत. तर त्यांना पेन हवं होतं. पेन दिलं. डाव्या हाताने त्यांनी त्यांच्या आडनावाचं पहिलं अक्षर काढलं, कागदभर मोठं, पुढे जमलं नाही. मॅडम म्हणाल्या सर, सध्या अंगठा घेते, सही पुढच्या वेळी पूर्ण करू. मग दिला अंगठा.

खातं जॉइंट झालं. आईला एटीएम कार्ड येईल. पहिल्यांदा मी सोबत जाईन, मग ती जाणार म्हणते एकटी, महालातल्या एटीएमला.

एआयएसमधून पोस्टातली एक सीनियर सिटिझन स्कीम सापडली जिचा आम्हाला पत्ताच नव्हता. तिचं व्याज दर तीन महिन्यांनी एका दुसऱ्या खात्यात जमा होतंय. आता तिकडे परत हेच सगळं करायचं. आणि हयातीच्या दाखल्याचं काय करायचं?

निवृत्त_शाखाधिकारी

फार छान झालं. त्या मॅडमना लेखी धन्यवाद द्या, प्रादेशिक कार्यालयाला कॉपी टाका. तक्रारी सगळे लिहितात, चांगलं कोणी लिहीत नाही, आणि अशा अधिकाऱ्यांना त्याची फार गरज असते.

हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये. चेहरा दाखवून मोबाईलवर जीवन प्रमाण होतं, पण चेहरा एका बाजूला झुकलेला असेल तर ते कधी कधी जुळत नाही, म्हणून महिनाअखेरीची वाट बघू नका. अंथरुणाला खिळलेल्या पेन्शनरसाठी बँकेचा माणूस घरी येतो, ऑक्टोबरमध्येच अर्ज देऊन ठेवा. पोस्टाचं खातं आधी बघून घ्या की त्यात नॉमिनीचं नाव आहे का. आणि नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, त्याचं काम खातेदार गेल्यावर सुरू होतं, हयात असताना नॉमिनीला एक रुपयाही काढता येत नाही, आणि नंतरही तो कायदेशीर वारसांचा विश्वस्तच असतो. आईला नॉमिनी केलंय म्हणजे झालं असं समजून थांबू नका.

अजून एक. आता केवायसी अपडेट करायचंय म्हणून फोन येतील, आजारी माणसाच्या घरचा नंबर कसा कळतो देव जाणे. आईला सांगून ठेवा, बँक फोनवर ओटीपी मागत नाही. काही झालंच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, १९३० वर फोन करा.

नंदनवन_४४००

साहेब, तुमचं म्हणणं पटलं. आमच्या आईचं एक खातं अजून तसंच चालू आहे, ती शुद्धीवर आहे, फक्त चालता येत नाही. उद्याच बँकेत अर्ज देतो.

फिजिओताई

सदाफुली, आडनावाचं पहिलं अक्षर डाव्या हाताने काढलं ना, हे स्पीच थेरपिस्टला सांग नक्की. लिहून बोलायचा रस्ता मिळू शकतो. पाटी आण एक, शाळेतली, पेन्सिलवाली. आणि हो-नाही, पाणी, दुखतंय, वळवा, असे चित्रांचे कार्ड करून पलंगाला लाव. एअर बेड घेतला का?

सदाफुली

पाटी आजच आणते. एअर बेड भाड्याने घेतला होता पण त्याचा पंप रात्रीच बंद पडला, दुकानवाला फोन उचलत नाहीये. तोवर गादीवर, दर दोन तासांनी मी आणि आया आळीपाळीने.

हरबरा

ताई माझ्याकडं मायचा एअर बेड पडून आहे, पंप चालू आहे, मी कालच लावून पाहिला. सक्करदऱ्याला राहतो, महालला यायला किती वेळ लागते. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, संध्याकाळी ऑटोत टाकून आणतो. पैसे-बिसे काही नको, बाबूजी बसायला लागले की परत द्या, नाहीतर पुढे कोणाला लागला तर त्यांना द्या.

सदाफुली

व्यनि केलाय दादा. भाऊ उद्या विदर्भ एक्सप्रेसने येतोय, पण बेड आज रात्रीच लागेल, आजच आणता आला तर फार बरं होईल. चहाला थांबावं लागेल, आई सोडणार नाही.